दोन हजारात फोनवर गाणी ऐकायला चांगला हेडफोन कसा निवडायचा

दिवाळीचा सेल जवळ आला की घरच्या ग्रुपवर कोणीतरी टाकतंच, "दोन हजारात चांगला हेडफोन सुचवा रे", आणि पाच मिनिटांत खाली दहा ब्रँडची नावं जमा होतात. विचारणाऱ्याला उलट कोणीच विचारत नाही की बाबा तू ऐकणार कुठे, फोनला जॅक आहे का, आणि ऐकतोस काय. एवढं कळलं तरी निम्मं काम होतं, ब्रँड सगळ्यात शेवटी येतो.

आधी जागा. तुमचं ऐकणं जर लोकलमध्ये, पीएमपीमध्ये, एसटीत होणार असेल तर कानाच्या आत बसणारेच घ्या, ज्यांना हल्ली सगळे आयईएम म्हणतात. बाहेरचा खडखडाट आत येतोय तोवर कितीही भारी हेडफोन असू दे, तुम्ही व्हॉल्यूमच वाढवत बसणार. रबरी टिप नीट बसली की बॅटरी वगैरे काही न लागता बराच आवाज तिथेच अडतो. याउलट कॉस कंपनीचा पोर्टा प्रो बघा, कानावर नुसता टेकणारा हेडफोन, १९८४ पासून जवळपास त्याच रूपात मिळतोय, वजनाला काहीच नाही, आवाज मोकळा, पण तो बाहेरचं सगळं आत येऊ देतो आणि आतलं बाहेर, म्हणजे शेजारच्या सीटवरच्या काकांनाही तुमची प्लेलिस्ट ऐकावी लागणार. सकाळी टेकडीवर चालायला जाताना किंवा घरी गॅलरीत बसून ऐकायला मस्त, तिथे आजूबाजूचं ऐकू येणं फायद्याचंच असतं. गर्दीच्या लोकलमध्ये त्याचा काही उपयोग नाही.

अख्खा कान झाकणारे मोठे हेडफोन मे महिन्यात दादरच्या ब्रिजवर घालून बघा म्हणजे कळेल मी त्यांच्याबद्दल जास्त का लिहीत नाहीये. शिवाय त्यात लोक ज्यांची नावं घेतात ते बरेचसे स्टुडिओवाले, म्हणजे रेकॉर्डिंगच्या कामासाठीचे असतात. ऑडिओ टेक्निकाच्या एम२०एक्सची वायर ३ मीटरची आहे आणि ती निघत नाही, सोनीचा एमडीआर ७५०६ बजेटच्या बाहेर आणि त्याला जुन्या लँडलाइनसारखी गुंडाळ्यांची वायर. टेबलावर बसून ऐकायला चांगलेच आहेत, पण खिशात फोन ठेवून फिरायला नाहीत.

आता वायर की वायरलेस. इथे मी सरळ बाजू घेतो, दोन हजाराच्या आत निव्वळ आवाज हवा असेल तर वायर. हिशोब साधा आहे. दोन हजाराच्या टीडब्ल्यूएसमध्ये (मधे वायर नसलेले दोन सुटे इअरफोन) दोन कानांत दोन बॅटऱ्या, केसमध्ये तिसरी, ब्लूटूथची चिप, माइक, चार्जिंगचं सर्किट, टचचा प्रकार, ॲप, आणि वर कुठल्यातरी क्रिकेटरला जाहिरातीसाठी दिलेले पैसे, हे सगळं भागवून जे उरतं त्यात प्रत्यक्ष आवाज काढणारा ड्रायव्हर येतो. वायरवाल्यात ड्रायव्हर, त्याचं घर आणि एक वायर, संपलं, म्हणजे सगळे पैसे आवाजावरच. आणि त्या इवल्याशा बॅटऱ्या दोन-तीन वर्षांत दमतात, एक कान दुसऱ्याच्या आधी बंद पडायला लागतो, त्या बदलून घ्यायला जाल तर नवा सेट घेणं परवडतं. वायरवाला जपून वापरला तर कितीतरी वर्षं चालतो.

पण जिम, धावणं, स्वयंपाक करताना ऐकणं, किंवा सकाळी ८ ची फास्ट लोकल जिथे कोणाच्यातरी बॅगेत वायर अडकून कानातून उपटून निघते, तिथे वायरलेसच बरा, त्यात वाद नाही. मग थोडं बजेट वाढवून तीन हजाराच्या आसपास बघा आणि ॲपमध्ये इक्वलायझर, म्हणजे आवाजाचे भाग कमी-जास्त करायची सोय, आहे ना ते आधी तपासा, कारण या किमतीत बहुतेक कंपन्या बास ढिगाने वाढवून देतात आणि तो तुम्हाला कमी करता आला पाहिजे. एलडॅक वगैरे कोडेकच्या, म्हणजे ब्लूटूथवरून आवाज पाठवायच्या पद्धतींच्या नावाने भुलू नका. एलडॅक ९९० केबीपीएसपर्यंत जातं हे खरं, पण आयफोनवर ते चालतच नाही, तिथे एएसीच, आणि अँड्रॉइडवर गर्दीत सिग्नल धड राहत नाही म्हणून तो आकडा खाली येतो. मुळात ट्यूनिंग, म्हणजे आवाजाचा तोल गंडलेला असेल तर कोडेक काय करणार. नॉइज कॅन्सलेशनचंही तेच, पंख्याची घरघर, एसीचा, इंजिनाचा एकसुरी आवाज ते छान खातं, समोरच्या सीटवर फोनवर भांडणारी व्यक्ती मात्र ऐकू येतच राहते.

वायरवाला ठरवला तर फोनला जॅक आहे का बघा. आयफोनमधून तो २०१६ मध्ये आयफोन ७ पासून गेला आणि मग हळूहळू बाकीच्यांनीही काढला, स्वस्त फोनमध्ये अजून काहींना आहे. नसेल तर टाइप सीचं डोंगल, म्हणजे चार्जिंगच्या पोर्टला हेडफोन जोडणारा छोटा तुकडा लागणार, आणि इथे लोक हमखास फसतात. स्टेशनबाहेर शंभर रुपयात मिळणारी बरीचशी डोंगल म्हणजे नुसती वायर असते, आत डॅक, म्हणजे फोनमधल्या डिजिटल आवाजाचा ॲनालॉग करणारी चिप नसते. ती फक्त अशाच फोनवर चालतात जे टाइप सीच्या पोर्टमधून थेट ॲनालॉग आवाज बाहेर देतात, आणि असे फोन थोडे आहेत. बाकीच्यांवर लावलं की काहीच होत नाही आणि मग लोक म्हणतात हेडफोन खराब निघाला. तेव्हा घेताना "डॅकवालं डोंगल" असंच मागा. ॲपलचं छोटं पांढरं डोंगल आवाजाला एकदम स्वच्छ आहे पण बऱ्याच अँड्रॉइड फोनवर त्याचा व्हॉल्यूम कमी येतो, त्यामुळे अँड्रॉइडवाल्यांनी दुसरं बघितलेलं बरं. डोंगलचे पैसे बजेटमध्ये आधीच धरा, नाहीतर दोन हजाराचे तीन हजार कधी झाले कळत नाही.

बॉक्सवरच्या आकड्यांचं थोडक्यात सांगतो कारण त्यात फारसा दम नसतो. "२० ते २०,००० हर्ट्झ" हे दोनशेच्या इअरफोनवर पण लिहिलेलं असतं, दोन लाखाच्या पण. ड्रायव्हर १० एमएमचा का १३ चा, एक का चार, याने आवाज चांगला ठरत नाही. बघायचंच असेल तर इम्पीडन्स (विजेला होणारा अडथळा) १६ ते ३२ ओहमच्या आसपास आणि सेन्सिटिव्हिटी (थोड्या ताकदीत किती मोठा वाजतो) १०० डीबीच्या वर, म्हणजे फोनवर आरामात वाजेल. कोणी ३०० ओहमचा सेनहायझर स्वस्तात विकत असेल तर हात जोडा, फोनला तो झेपणार नाही.

खरा खेळ ट्यूनिंगचा, म्हणजे बास (खालचा जड आवाज), मधला भाग आणि ट्रेबल (वरचा बारीक आवाज) एकमेकांच्या मानाने किती आहेत याचा. हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना ब्रँड न दाखवता वेगवेगळे हेडफोन ऐकवून बहुतेकांना कसा आवाज आवडतो त्याचा एक ग्राफ काढला, त्याला हार्मन टार्गेट म्हणतात, आणि आज स्वस्तातल्या बऱ्याच चांगल्या आयईएमचं ट्यूनिंग त्याच्या आसपास केलेलं असतं. पंधराशे रुपयात इतका बरा आवाज मिळायला लागला त्याचं एक मोठं कारण हे आहे.

पण ग्राफ वाचता आला नाही तरी काही बिघडत नाही, आपल्याकडे टेस्ट करायला भरपूर सामान आहे. तबल्याचं एखादं चांगलं रेकॉर्डिंग लावा आणि फक्त डग्ग्याकडे लक्ष द्या. वाजवणारा तळहाताची टाच दाबून सरकवतो तेव्हा "घे"चा सूर खालून वर चढतो, ती घसट स्पष्ट ऐकू आली पाहिजे. बास फुगवलेला असेल तर सूर गायब आणि नुसतं ढुम ढुम. मग तानपुरा. तारेची जी झणझण असते, जवारीची, ती वेगळी ऐकू येते का की सगळं मिळून एक गोंगाट होतो. गायकाचे "स" आणि "श" कानाला टोचतात का ते बघा. आणि शेवटी ढोल-ताशा पथकाचं रेकॉर्डिंग, ढोल खाली, ताशा वर, दोन्ही टोकं एकदम तपासली जातात. दोन मिनिटांत ताशाने डोकं भणाणलं तर ट्रेबल जास्त आहे, दुकानात कितीही "क्लिअर" वाटला तरी तो हेडफोन तासभर घालवणार नाही तुमच्याच्याने. हा घोळ नेहमी होतो, पहिल्या ऐकण्यात जास्त बास आणि जास्त ट्रेबलवालाच भारी वाटतो, आणि मधे गाणारा माणूस मागे ढकलला गेलाय हे घरी आल्यावर कळतं. भावगीत, नाट्यसंगीत, अभंग ऐकणाऱ्यांनी तर मधला भागच आधी बघावा. ईडीएम, म्हणजे नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत ऐकणाऱ्याने माझं ऐकू नये, त्याला बास पाहिजेच.

टिप्स. याला मी सगळ्यात जास्त मार्क देईन आणि लोक सगळ्यात कमी वेळ देतात. बॉक्समध्ये लहान, मधली, मोठी अशा टिप्स येतात आणि बहुतेक जण लावून आलेली मधलीच जन्मभर वापरतात. घालताना दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग किंचित वर-मागे ओढायचा, टिप आत सरकवायची आणि कान सोडायचा. मग बासवालं काहीतरी लावून बोटाने इअरफोन हलकेच आत दाबा. दाबल्यावर बास एकदम वाढला तर टिप नीट बसलेली नाही, हवा गळतेय, मोठी टिप लावा. काहीच फरक पडला नाही तर बरोबर बसलीये. दोन्ही कान सारखे नसतात, एकीकडे मधली आणि एकीकडे मोठी लागू शकते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. "बासच नाही" म्हणून परत पाठवलेल्या इअरफोनपैकी कितीतरींचा दोष फक्त टिपचा असणार असं माझं मत आहे. वायर कानावरून मागे घ्यायची, ती शर्टाला घासल्याचा खरखर आवाज त्याने बराच कमी होतो. आणि घालताना कागद चुरगळल्यासारखा कट्ट आवाज आला तर घाबरू नका, हवेच्या दाबाने ड्रायव्हरचा पडदा वाकतो, नॉर्मल आहे.

आता नावं. दोन हजाराच्या आसपास, सेलमध्ये थोडं खाली-वर, मूनड्रॉपचा चू टू, सेव्हनहर्ट्झचा झीरो टू, तांगझूचा वानर (माकडाशी संबंध नाही, चिनी नाव आहे), ट्रूथिअरचा होला, यातला कुठलाही डोळे झाकून घ्या. झीरो टूमध्ये बास थोडा जास्त आणि वजनाला हलका, बाहेर फिरताना बरा. वानर गाण्यातल्या आवाजासाठी मला आवडतो. चू टूचं घर धातूचं आहे आणि जुन्या चूची वायर निघत नव्हती ती यात निघते, हा मोठा फायदा, कारण वायरवाल्या हेडफोनमध्ये बहुधा आधी वायरच मरते. हजाराच्या आत असाल तर केझेडचे मॉडेल बघा, बास-ट्रेबल दोन्ही चढे असतात पण त्या पैशात तक्रार करायला जागा नाही. फोनवर बोलायचं असेल तर माइकवाली आवृत्ती आहे का ते बघूनच ऑर्डर करा, दोन्ही सारख्याच दिसतात.

अँड्रॉइडवर वेव्हलेट नावाचं ॲप आहे, त्यात हजारो हेडफोनची तयार सेटिंग्ज आहेत, तुमचं मॉडेल निवडलं की ट्यूनिंग बऱ्यापैकी सुधारतं. आणि गाण्याच्या ॲपमध्ये जाऊन क्वालिटी "ऑटो" किंवा "डेटा सेव्हर"वर आहे का बघा. तीच खालची ठेवून नवीन हेडफोनला शिव्या घालू नका.

घेताना मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत जायला मजा येते पण मोठ्या ब्रँडचे डुप्लिकेट सगळीकडे आहेत, हुबेहूब बॉक्समध्ये, त्यामुळे निम्म्या किमतीत सोनी किंवा जेबीएल मिळतोय म्हटलं की समजून जा. ऑनलाइन घ्याल तर विकणारा कोण आहे ते वाचा, आणि कानात घालायची वस्तू म्हणून बऱ्याच ठिकाणी पैसे परत मिळत नाहीत, फक्त बदलून मिळतं, ते आधीच बघा. बॉक्स उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेवा. कोणी सांगेल "पन्नास तास वाजवत ठेव, मग आवाज खुलतो", ते बहुतेक करून आपल्या कानाला सवय होण्याचं काम असतं, आणि तेवढ्यात तुमची बदलून घ्यायची मुदत संपते ते वेगळंच. पहिल्या दोन दिवसांत आवडला नाही तर बदलून घ्या.

व्हॉल्यूमचं एवढंच लक्षात ठेवा की जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने मोठ्या माणसाला ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास चालतात, ९० डेसिबलला फक्त ४ तास. रोज लोकलमध्ये फुल व्हॉल्यूमवर ऐकणाऱ्याचे ते चार तास मंगळवारपर्यंतच संपत असतील.

बाकी आपल्याकडच्या दमट हवेत, खासकरून पावसाळ्यात, इअरफोनच्या तोंडाशी जी बारीक जाळी असते ती घाम आणि मळाने बुजते आणि एका कानाचा आवाज कमी येतो. लगेच नवीन घेऊ नका. टिप काढा, जाळीचं तोंड जमिनीकडे धरून कोरड्या मऊ ब्रशने झाडा, मग औषधाच्या डबीत येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घालून बंद डब्यात रात्रभर ठेवा, बऱ्याचदा सकाळी दोन्ही कान सारखे होतात. नाही झाले तर वायर डावी-उजवी बदलून लावून बघा, आवाज कमी असलेली बाजू बदलली तर दोष वायरचा, आणि नवी वायर तीन-चारशे रुपयात मिळते, फक्त टू पिन ०.७८ एमएमची (इअरफोनमध्ये घुसणाऱ्या दोन पिनांची जाडी) आहे का ते विचारून घ्या.