रोज चालता, तरी फरक पडत नाही? या चुका टाळा

"सात महिने चालतेय गं, काटा हलायला तयार नाही," असं म्हणत आमच्या बिल्डिंगमधल्या मावशींनी मार्चमध्ये बूट माळ्यावर टाकले. मी त्यांची फाईल मागून घेतली. उपाशीपोटीची साखर १३८ वरून ११६ वर आली होती. वरचं बीपी दहाने उतरलं होतं. रात्री दोनदा जाग यायची, ती थांबली होती. एवढं पदरात पडूनही त्या हरल्या होत्या, कारण सगळं लक्ष वजनकाट्याकडे. चालणं सोडणाऱ्यांना मी आळशी म्हणत नाही. त्यांनी बहुतेक वेळा माप चुकीचं धरलेलं असतं.

वजन उतरलं तरच चालणं लागू पडलं, असं समजणं

साठ-पासष्ट किलोचा माणूस अर्धा तास झपझप चालला, तर साधारण १२० ते १५० कॅलरी खर्च होतात. परत येताना कोपऱ्यावर एक वडापाव खाल्ला, की त्याच्या दुप्पट पोटात जातात. नुसत्या चालण्याने वजन सावकाशच उतरतं, आणि खाण्याकडे बघितलं नाही तर उतरतही नाही. पण शरीरात बाकी बरंच घडत असतं. चालताना मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू रक्तातली साखर स्वतःच ओढून घेतात, त्यासाठी इन्सुलिनवरही फारसे अवलंबून राहत नाहीत. रक्तवाहिन्या लवचिक राहतात, रक्तदाब आटोक्यात येतो, झोप सुधारते.

"मी बारीकच आहे, मला काय गरज?" ही याच चुकीची दुसरी बाजू. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. उंची-वजनाचं गणित, म्हणजे बीएमआय, दोघांचा सारखाच, २२ च्या आसपास. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९ टक्के, तर याज्ञिकांची २१ टक्के. आपल्याकडची किडकिडीत माणसंही आतून चरबी बाळगून असतात, आणि मधुमेह त्यांनाही गाठतो. त्यामुळे काटा बाजूला ठेवा. तीन महिन्यांची सरासरी साखर, बीपी, कमरेचा घेर आणि दोन जिने चढल्यावर किती धाप लागते, हे वहीत लिहून ठेवा.

गप्पांच्या वेगाने चालणं

बागेत चौघी एका ओळीत, मधेच थांबून, हातवारे करत चाललेल्या दिसतात. सोबत हवीच. सोबत असली की पहाटे अंथरुणातून उठवतं. पण वेग पडतो. आपला वेग ओळखायची सोपी खूण अशी: चालताना वाक्य पूर्ण बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. गाता येत असेल तर पाय उचला. बोलताही येत नसेल तर थोडं हळू घ्या. दुसरी खूण मोजायची आहे. घड्याळ लावून १५ सेकंदांत पावलं मोजा. पंचवीसच्या आसपास भरली, म्हणजे मिनिटाला शंभर, तर वेग बरोबर आहे. सुरुवातीची आणि शेवटची पाच मिनिटं मात्र सावकाशच.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान १५० मिनिटं अशा मध्यम वेगाच्या हालचाली सांगते. म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. तोही सलग हवा असं नाही.

रोजच्या दहा हजार पावलांच्या मागे धावणं

हा आकडा वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ मध्ये, जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र बाजारात आलं. त्याचं नाव 'मानपो-केई', म्हणजेच 'दहा हजार पावलांचं मापक'. तेच आज आपल्या मनगटावर येऊन बसलंय. २०१९ मध्ये अमेरिकेत सरासरी ७२ वर्षं वयाच्या स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज २,७०० च्या आसपास पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० च्या आसपास चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी दिसलं. साडेसात हजारांच्या पुढे आणखी फायदा दिसला नाही. घरातल्या आजींना "अजून चार हजार बाकी आहेत" म्हणून रात्री दमवू नका. आज जेवढी होतात त्यात हजारभर वाढवली, तरी ती मोठी गोष्ट आहे.

शतपावलीचा शब्दशः अर्थ घेणं

जेवणानंतर शतपावली करावी, हे आपल्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलंय आणि ते अगदी खरं आहे. जेवणानंतर साखर चढू लागते, त्याच वेळी पाय चालते असले तर तिचं टोक बोथट होतं. पण शंभर पावलं म्हणजे झपझप चालल्यास एक मिनिट, रमतगमत गेलं तर दोन. तेवढ्यावर सोफ्यावर परतायचं नाही. दहा-पंधरा मिनिटं चाला. मधुमेहाच्या काठावर असलेल्या वयस्कर माणसांवर २०१३ मध्ये एक प्रयोग झाला. त्यात प्रत्येक जेवणानंतर १५ मिनिटं चालल्याने दिवसभराची साखर सुधारली. रात्रीच्या जेवणानंतरची साखर तर एकदाच ४५ मिनिटं चालण्यापेक्षाही यात जास्त आटोक्यात राहिली. सकाळी वेळ मिळत नाही म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते.

सकाळी चाललो, आता दिवसभर खुर्ची, हेही नको. लंडनच्या डबलडेकर बसमध्ये दिवसभर बसून असणारे ड्रायव्हर आणि सतत वर-खाली करणारे कंडक्टर यांची तुलना ब्रिटिश संशोधक जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये मांडली. हृदयविकार कंडक्टरांमध्ये कमी होता. तासाला एकदा उठा, पाण्याची बाटली स्वतः भरून आणा.

पायाकडे दुर्लक्ष

दोन वर्षांपूर्वी मी झिजलेल्या, सपाट तळाच्या चपला घालून महिनाभर चालले. मग सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा रुतल्यासारखं व्हायचं. चार पावलं चालल्यावर कमी, बसून उठलं की पुन्हा तेच. टाच अशी दुखत असेल तर अंतर निम्मं करा, फरशीवर अनवाणी फिरू नका. भिंतीला हात टेकून मागचा पाय सरळ ठेवून पोटरी ताणा. फ्रीजरमध्ये गोठवलेली पाण्याची बाटली तळपायाखाली फिरवा. मला बरं व्हायला अडीच महिने लागले.

बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहायला हवी. मधुमेह असेल तर बूट घालण्याआधी आत हात फिरवून बघा. बधिर पायाला खडा टोचलेला कळत नाही आणि जखम चिघळते.

कुठे थांबायचं, हे ठाऊक नसणं

छातीवर ओझं वाटलं, जबड्यात किंवा हातात कळ गेली, घाम सुटला, तर "गॅस असेल" म्हणत फेरी पूर्ण करू नका. थांबा आणि थेट हॉस्पिटल गाठा. ठराविक अंतर चालल्यावर पोटरी आवळते आणि थांबलं की सुटते, असं होत असेल तर पायाच्या रक्तवाहिन्या तपासून घ्या. इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी लांब चालण्याआधी डॉक्टरांना विचारावं आणि खिशात साखर ठेवावी. हात थरथरले, घाम आला, साखर ७० च्या खाली गेली, तर तीच उपयोगी पडते. थंडीत शहरावर पहाटे धुरकं साचलेलं असतं. दमा असेल तर ऊन वर आल्यावर निघा.

जून ते सप्टेंबर सुट्टी

सवय सर्वांत जास्त मोडते ती पावसात. चार महिने खंड पडला की दिवाळीनंतर पुन्हा शून्यापासून. आमच्या घरात ओट्यापासून गॅलरीच्या दारापर्यंत एकोणीस पावलं होतात. जाऊन-येऊन चाळीस फेऱ्या मारल्या की पंधरा मिनिटं भरतात. मावशींच्या घरात तेवढी जागा नाही. त्यांनी जुलैत बूट माळ्यावरून काढले, आणि आता रात्री जेवणं उरकली की आम्ही दोघी तिसऱ्या मजल्याच्या पॅसेजमध्ये चालतो. बूट घालून.