लोडरच्या बकेटमध्ये माणूस चढवू नका. मग उंचीवरचं काम कसं उरकायचं?

पत्रा बसवायचाय, उंच फांदी उतरवायचीय किंवा खांबावरचा दिवा बदलायचाय. शिडी पुरत नाही आणि लोडर, म्हणजे पुढे माती उचलायची बकेट असलेलं जोडयंत्र, लावलेला ट्रॅक्टर समोरच उभा आहे. एक जण बकेटमध्ये चढतो, दुसरा लिव्हर ओढतो. बहुतेक वेळा काम निभावतं, आणि निभावतं म्हणूनच पुढच्या वेळीही तसंच केलं जातं. चालक सावध असला की झालं, असा समज त्यातून पक्का होतो. खरी अडचण यंत्राच्या बांधणीतच आहे, म्हणून आधी ती पाहू.

बकेट खाली का येते

आर्म, म्हणजे बकेट उचलणारा लांब दांडा, वर धरून ठेवतं ते तेल. पंपातून ते व्हॉल्व्हमध्ये जातं आणि तिथून रबरी होज पाइपमधून लिफ्ट सिलिंडरच्या तळाशी. लिव्हर मधोमध सोडला की व्हॉल्व्ह बंद होतो आणि तेल अडकतं. पण हा व्हॉल्व्ह आहे चालकाजवळ आणि सिलिंडर आहे पुढे. मधला पाइप फुटला तर व्हॉल्व्ह कितीही चांगला असला तरी उपयोग नाही, तेल वाटेतच बाहेर पडतं. माणसं उचलायच्या यंत्रात सिलिंडरच्या तोंडाशीच लॉक व्हॉल्व्ह असतो, त्यामुळे पाइप फुटला तरी आर्म जागेवर राहतो. साध्या लोडरवर तो सहसा नसतो.

पाइप बहुधा आर्मच्या मुख्य पिनजवळ घासतो, कारण तिथे तो दर उचलीला वाकतो. बाहेरचं रबर झिजून आतली तारेची जाळी दिसायला लागली की तो कधीही जाईल असं समजा. गळती हाताने चाचपू नका. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकमध्ये दीडशे-दोनशे बारपर्यंत दाब असतो. सुईएवढ्या भोकातून येणारी तेलाची धार कातडी भेदून आत शिरते, आणि वरून बारीकशी जखम दिसली तरी तातडीने शस्त्रक्रिया लागू शकते. गळती शोधायला पुठ्ठा वापरा.

काही जण बकेटमध्ये वजन ठेवून, आर्म उचलून, इंजिन बंद करून पाहतात. दहा मिनिटांत आर्म खाली आला नाही म्हणजे यंत्र भरवशाचं, असं त्यांचं म्हणणं. या चाचणीत सील झिजलेत का ते कळतं, पाइप उद्या फुटेल का ते कळत नाही.

दुसरी अडचण फ्लोटची. बऱ्याच लोडरवर लिव्हर पुढे पूर्ण दाबला की तो खटकन खाचेत अडकतो आणि सिलिंडरच्या दोन्ही बाजू टाकीला जोडल्या जातात. जमीन सपाट करताना बकेट आपल्या वजनाने जमिनीवर टेकून चालावी यासाठी ही सोय आहे. वर माणूस असताना लिव्हर तिथवर गेला तर आर्म आपल्या वजनाने कोसळतो. त्यासाठी चालकाचं कोपर लागणं किंवा जॅकेटची बाही अडकणंही पुरतं. इंजिन बंद केल्याने यातून सुटका होत नाही, कारण बंद इंजिनावरही लिव्हर ढकलला की आर्म उतरतो.

तिसरी अडचण कलण्याची. बकेट समांतर ठेवणारा जोड लोडरवर नसेल, तर आर्म जितके अंश वर फिरतो तितकीच बकेट मागे झुकते. ती सपाट ठेवायला चालकाला उचलता उचलता तीही सतत फिरवावी लागते, तीही बहुतेक वेळा त्याच लिव्हरने, डावी-उजवी दिशा लक्षात ठेवून. माती भरताना एखादी चूक झाली तर थोडी माती सांडते. माणूस उभा असताना तीच चूक झाली तर तो बाहेर पडतो. ३.५ मीटरवरून पडणारा माणूस साधारण ०.८५ सेकंदात जमिनीवर आदळतो, तेव्हा त्याचा वेग ताशी ३० किलोमीटरच्या आसपास असतो.

चौथी, आणि कुणी मुद्दाम पाहत नाही अशी गोष्ट म्हणजे क्विक हिचच्या, म्हणजे बकेट पटकन काढ-घाल करायच्या जोडाच्या, पिना. एक पिन पूर्ण बसली नसेल तरी बकेट जागेवर दिसते. ओठावर, म्हणजे पुढच्या कडेवर, वजन आलं की ती सुटते. माती उचलायच्या आधीही दोन्ही पिना आरपार गेल्यात का ते उतरून डोळ्यांनी पाहायचं आणि बकेटचं टोक जमिनीवर दाबून पुढची चाकं किंचित उचलली जातात का ते पाहायचं. ही सवय सगळ्याच कामांना उपयोगी आहे.

ट्रॅक्टर उलटतो कसा

ट्रॅक्टर चार चाकांवर उभा असतो, पण तोल चार चाकांवर नसतो. पुढचा अॅक्सल मधल्या पिनवर डुलतो, म्हणून तोलाचा पाया म्हणजे दोन मागची चाकं आणि ती पिन यांचा त्रिकोण. पुढच्या बाजूला तो अरुंद होत जातो, आणि वर गेलेलं वजन नेमकं त्याच बाजूला असतं. समजा डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर दीड मीटर आहे आणि एका बाजूची चाकं १० सेंटिमीटर रुतली. ट्रॅक्टर चारेक अंश कलतो, आणि ४ मीटर उंचीवरचं वजन २५ सेंटिमीटरहून जास्त बाजूला सरकतं. खाली बसलेल्या चालकाला एवढा कल जाणवतही नाही.

मागे वजन नसेल तर आणखी भर. बहुतेक ट्रॅक्टरांचे ब्रेक मागच्या चाकांवर असतात. पुढे भार आला की मागची चाकं हलकी होतात आणि हँडब्रेक ओढलेला असूनही ट्रॅक्टर उतारावर घसरू शकतो.

पिंजरा आणि सेफ्टी बेल्ट लावला तर?

हा प्रश्न हमखास येतो. वेल्डिंग करून कठडा लावलेला पिंजरा फोर्कवर, म्हणजे बकेटऐवजी लावायच्या लोखंडी काट्यांवर, बसवला की माणूस कडेवरून पडणार नाही, हे खरं. पण पाइप, फ्लोट, पिना, तोल यांतलं काहीच त्याने सुधारत नाही. उलट वजन वाढतं, ते आणखी पुढे जातं, आणि पिंजरा फोर्कला पक्का अडकवला नसेल तर तोच घसरतो.

बेल्टची गंमत वेगळी आहे. तो बकेटला अडकवला तर बकेटबरोबर माणूसही खाली येतो. छपराला किंवा फांदीला अडकवला आणि ट्रॅक्टर हलला, तर माणूस दोन ठिकाणांमध्ये ओढला जातो. लोडरवर बेल्टसाठी बरोबर जागाच नाही.

त्याऐवजी काय वापरायचं

काम किती वेळ चालणार, दोन्ही हात लागणार का आणि जमीन कशी आहे, हे आधी ठरवा. शक्य असेल तर वर जाणंच टाळा. दिवा खाली उतरवता येतो का, सांगाडा जमिनीवर जोडून उचलता येतो का ते पाहा. साहित्य वर पाठवायला लोडर चालतो, पण खाली आणि आजूबाजूला माणूस नको, आणि बकेट परांचीला टेकवायची नाही.

शिडी फक्त थोडक्या वेळाच्या, हलक्या कामासाठी. अर्धा तास ही अंगवळणी पाडायची मर्यादा. ४ मीटर उंचीला शिडीचा पाया भिंतीपासून १ मीटर बाहेर, ६ मीटरला दीड मीटर. वर चढून दुसरीकडे पाय ठेवायचा असेल तर शिडी त्या जागेच्या १ मीटर वर निघाली पाहिजे आणि वरच्या टोकाला बांधलेली हवी. शिडीवर उभं राहून चेन सॉ चालवायचा नाही, कारण तो दोन हातांनी धरायचा असतो आणि मग शिडीला धरायला हात उरत नाही.

तास-दोन तासांच्या कामाला चाकांची परांची बरी. बाहेर उघड्यावर तिची उंची पायाच्या अरुंद बाजूच्या तिपटीपेक्षा जास्त नको. पाया १.३५ मीटरचा असेल तर फळी साधारण ४ मीटरपर्यंत. बनवणाऱ्याने याहून कमी सांगितलं असेल तर त्याचंच ऐका. कठडा १ मीटरच्या आसपास, मध्ये एक आडवा पाइप, फळीच्या कडेला हत्यारं घरंगळू नयेत म्हणून १५ सेंटिमीटरची पट्टी. चाकांना ब्रेक. वर माणूस असताना परांची ढकलायची नाही, "एवढंसंच सरकवू" म्हणूनही नाही.

मोठं काम असेल तर माणसांसाठीच बनवलेली लिफ्ट भाड्याने घ्या. ती आल्यावर चढण्याआधी पाहायच्या गोष्टी:

- जमिनीवरून चालणारा आणीबाणीचा उतरण्याचा लिव्हर. बास्केट थोडी वर नेऊन तो एकदा खरोखर चालवून बघा, आणि खाली राहणाऱ्या माणसाकडूनही चालवून घ्या.
- यंत्राच्या पाटीवर लिहिलेली वजनाची मर्यादा. माणसं, हत्यारं आणि साहित्य मिळून वजन मोजायचं.
- पाटीवरची वाऱ्याची मर्यादा. बाहेर वापरायच्या यंत्रांवर ती बहुतेकदा सेकंदाला १२.५ मीटर असते. हातात पत्रा असेल तर तो शिडासारखा वारा धरतो, तेव्हा त्याच्या बऱ्याच आधी थांबा.
- आऊटरिगर, म्हणजे यंत्राच्या बाजूला टेकवायच्या पायांखाली, रुंद फळ्या. नुकताच भरलेला खड्डा किंवा गटाराचं झाकण त्या पायांखाली नको.

बूम लिफ्टमध्ये, म्हणजे लांब दांड्याच्या टोकाला बास्केट असलेल्या लिफ्टमध्ये, बेल्ट मात्र लावायचाच, आखूड दोरीने, बास्केटमधल्या ठरलेल्या कडीला. चाक खड्ड्यात गेलं की बूम गोफणीसारखा झटका देतो आणि न बांधलेला माणूस बाहेर उडतो.

सिमेंटच्या आणि प्लास्टिकच्या पत्र्यांवर चढायचंच नाही. ते वरून मजबूत दिसतात आणि पायाखाली अचानक फुटतात. बदलायचे असतील तर शक्यतो खालून, लिफ्टमधून.

फांदीसाठी जमिनीवरूनच लांब दांड्याची करवत घ्या आणि फांदीच्या अगदी खाली न राहता बाजूला उभे राहा. जाड फांदी तीन कापांत: खोडापासून ३० सेंटिमीटरवर खालून पाव ते एक तृतीयांश काप, त्याच्या थोडं बाहेरून वरचा काप, मग उरलेला खुंट. पहिला काप चुकवला तर फांदी पडताना खोडाची साल सोलत नेते. बकेटमधून तोडताना फांदी सुटून बकेटवर आपटते किंवा भार गेल्याने उरलेला भाग वर उसळतो, आणि माणसाला सरकायला जागा नसते.

विजेच्या तारेपासून किमान ३ मीटर, उच्च दाबाच्या तारेपासून त्याहूनही जास्त दूर राहायचं, आणि त्याहून जवळ काम असेल तर पुरवठा बंद करून घ्यायचा. तार लागलीच तर चालकाने सीट सोडू नये. आग लागली तरच दोन्ही पाय जोडून उडी मारायची, यंत्र आणि जमीन एकाच वेळी न शिवता, मग पाय जोडूनच सरकत दूर जायचं. बाकीच्यांनी ट्रॅक्टरला हात लावायचा नाही.

कुणी आधीच वर असेल आणि गडबड झाली तर

तेल टपकताना दिसलं तर ओरडून घाई करू नका. आधी खालची माणसं दूर करा. आर्म अजून धरून असेल आणि गळती लहान असेल तर लिव्हर अगदी थोडा ढकलून, फ्लोटच्या खाचेच्या पुष्कळ अलीकडे थांबत, खाली आणा. चालकाने सीटवरून उठू नये. आर्म हलत नसेल तर बाजूला बांधलेली शिडी लावून माणसाला उतरवा, बकेटला टेकवलेली नाही. वरच्याने उडी मारू नये. माणूस उतरला की आर्म जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा, लिव्हर चारही दिशांना हलवून उरलेला दाब काढा, मगच पाइपाकडे हात न्या.