रात्री झोप लागत नसेल तर स्वसंमोहन असं करा

संमोहन म्हटलं की लोकांना स्टेजवरचा शो आठवतो, पण त्यात कुणी बेशुद्ध वगैरे होत नाही, मॅच बघताना आईची हाक ऐकू येत नाही ना, साधारण तसंच, लक्ष एका जागी रुतलेलं असतं इतकंच. मला दोन-अडीचपर्यंत डोळा लागायचा नाही, तेव्हापासून मी हे करतेय.

आधी वाक्य ठरवा, माझ्या मते सगळा जीव यातच आहे. 'टेन्शन घेणार नाही' म्हटलं की आधी टेन्शनच आठवतं, म्हणून 'अंग सैल पडतंय, झोप येतेय' असं छोटं वाक्य घ्या, आणि घरात बोलता त्याच भाषेत, पुस्तकी मराठीत मन ऐकत नाही.

मग मोबाईल लांब ठेवून उताणं पडायचं, छताच्या एका ठिपक्याकडे बघत राहायचं, पापण्या जड झाल्या की मिटू द्यायच्या. आता मनात म्हणा, उजवा हात जड झालाय. सहा-सात वेळा. मग डावा हात, मग पाय, नंतर तसंच 'हात ऊबदार झालाय'. ही पद्धत जर्मन डॉक्टर योहानेस शुल्ट्झ यांची, त्यांनी १९३२ साली पुस्तकातून मांडली. पहिले आठ दिवस मला काही म्हणजे काही जाणवलं नाही, मग एका रात्री हात गादीत रुतल्यासारखा वाटला, बोटं हलवायचाच कंटाळा आला.

त्यानंतर जिना. मी मनातल्या मनात आजोळच्या लाकडी जिन्यावरून दहापासून एकपर्यंत मोजत उतरते, चौथी पायरी करकरते तीसुद्धा ऐकते, आणि खाली आलं की ठरवलेलं वाक्य हळूहळू म्हणत राहते. मन भरकटलं तर चिडू नका, परत पायरीवर या.

पोटाचा त्रास असणाऱ्यांनी पोटावर हात ठेवून तिथे ऊब पसरतेय असं डोळ्यासमोर आणावं, मँचेस्टरच्या डॉ. पीटर व्हॉरवेल यांनी आयबीएसच्या, म्हणजे आतड्याच्या तक्रारीमुळे वारंवार पोट दुखणाऱ्या-बिघडणाऱ्या, पेशंटना असंच संमोहन देऊन १९८४ मध्ये त्याचे निष्कर्ष छापले होते. पण दुखणं काय आहे ते आधी डॉक्टरकडून कळू द्या आणि गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका, भास होत असतील किंवा फिट येत असतील तर हे एकट्याने करूच नका.

दुपारी केलंत तर उठताना एक ते पाच मोजा, हातपाय ताणा, तोंडावर पाणी मारा, आणि गाडी लगेच काढू नका.