मागाच्या कारखान्यात विजेच्या सुरक्षिततेचे प्रशिक्षण कसे द्यावे

सोलापूरच्या पूर्वभागात किंवा अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत चादरी-टॉवेलचा कारखाना चालवणाऱ्याने कामगारांना विजेपासून सावध राहायला शिकवायचे ठरवले, तर पहिला वर्ग कार्यालयात न भरवता, माग बंद ठेवून मागाजवळच भरवावा. एका वेळी पाच-सहा जणच घ्यावेत. ज्यांच्या घरी तेलुगू बोलली जाते, त्यांच्यासाठी तेलुगूत सांगणारा जाणकार कामगार सोबत ठेवावा, कारण सूचना ऐकून मान डोलावणे वेगळे आणि ती नेमकी समजणे वेगळे.

सुरुवात फ्यूजबद्दलच्या गैरसमजापासून करावी. फ्यूज आहे म्हणजे आपण सुरक्षित आहोत, असे अनेक जण धरून चालतात; पण फ्यूज तारेला वाचवतो, माणसाला नव्हे. पंधरा अँपिअरचा फ्यूज वितळायला पंधरा अँपिअरहून अधिक प्रवाह लागतो, तर १० ते १५ मिलिअँपिअरलाच (मिलिअँपिअर म्हणजे अँपिअरचा हजारावा भाग) हाताचे स्नायू आखडून धरलेली वस्तू सुटेनाशी होते आणि त्याच्या काही पट प्रवाहाने हृदयाची लय बिघडू शकते. माणसासाठी असते ती ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे गळतीचा प्रवाह त्या फ्यूजच्या पाचशेव्या हिश्श्याएवढा होताच पुरवठा तोडणारे उपकरण. हाताने वापरायच्या ड्रिल, ग्राइंडरसारख्या यंत्रांच्या सॉकेटवर ती असलीच पाहिजे. पाळी बदलताना तिचे टेस्टचे बटण कामगारांसमोर दाबून दाखवावे आणि पुरवठा तुटला नाही तर ती त्याच दिवशी बदलावी. फ्यूजच्या जागी जाड तांब्याची तार बांधण्याची सवय मात्र कितीही जुनी असली, तरी तिला माफी देऊ नये.

त्यानंतर मागाचा मुद्दा घ्यावा. माग दिवसभर हादरत असतो, त्यामुळे स्टार्टरमधील आणि अर्थिंगच्या तारेचे स्क्रू हळूहळू सैल होतात. मोटारीवर कापसाचे तंतू साचून ती तापते, आणि एखादी ठिणगी पडली तर ते लगेच पेटतात. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो तेव्हा घामाने ओली झालेली त्वचा प्रवाहाला फारसा विरोध करत नाही. डाईंगच्या ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या माणसाची अवस्था त्याहून वाईट असते. म्हणून सांगाड्याला हात लागताच झिणझिण्या आल्या, तर ‘थोडासाच करंट आहे’ म्हणून काम न रेटता माग बंद करून मुकादमाला सांगायचे, हे कामगाराच्या अंगवळणी पाडावे. माझ्या मते, तक्रार करणाऱ्या कामगारावर उत्पादन बुडवल्याचा ठपका आला, तर बाकीचे सारे प्रशिक्षण वाया जाते.

स्टार्टर, बोर्ड आणि वायरिंगला परवानाधारक वायरमननेच हात लावावा. तरीही दुरुस्ती कशी होते, हे सर्वांना एकदा दाखवावे. आधी मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावायचे आणि किल्ली दुरुस्ती करणाऱ्याने स्वतःच्या खिशात ठेवायची. नंतर वीज खरोखर गेली का, हे तपासायला मल्टिमीटर आधी वीज चालू असलेल्या जागी लावून पाहायचा, मग दुरुस्तीच्या जागी, आणि शेवटी पुन्हा चालू जागी, म्हणजे मीटरच बिघडला असल्याची शंका उरत नाही. साध्या निऑन टेस्टरचा दिवा न लागणे हा तार मृत असल्याचा पुरावा मानू नये, कारण कोरड्या लाकडी पाटावर उभ्या माणसाच्या हातात तो चालू तारेवरही न लागण्याची शक्यता असते.

शेवटचा भाग करून घेण्याचा आहे. कोणी चिकटल्याचे नाटक करावे आणि प्रत्येकाने त्याला हात न लावता मेन स्विचकडे धावावे. स्विच सापडत नसेल तर स्वतः कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडी काठीने तार बाजूला करावी. हे फक्त कारखान्यातील २३० किंवा ४१५ व्होल्टसाठी आहे, बाहेरच्या ११ हजार व्होल्टच्या वाहिनीजवळ महावितरणने पुरवठा बंद केल्याशिवाय जाऊ नये. श्वास नसल्यास १०८ ला फोन करून, छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या गतीने पाच ते सहा सेंटीमीटर खोल दाब द्यावा. तीस दाबांनंतर दोन श्वास द्यावेत, श्वास देता येत नसतील तर दाब चालूच ठेवावा. शुद्धीवर आलेल्या आणि ‘मी बरा आहे’ म्हणणाऱ्यालाही रुग्णालयात न्यावे, कारण हृदयाची लय नंतरही बिघडू शकते. काठी मेन स्विचजवळ टांगलेली असावी आणि ती जागेवर आहे की नाही, हे दर पाळीच्या सुरुवातीला पाहण्याचे काम एका ठरलेल्या माणसाकडे द्यावे.