डायरीत शेरा आला तर
डायरीत लाल शेरा दिसला की दारातच आवाज चढवू नका. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून स्कूलबसने आलेलं पोर भुकेलेलं असतं. आधी खाणं, मग विचारपूस. ‘असं का केलंस?’ म्हटलं की ते नुसते खांदे उडवतं. ‘आधी काय झालं? मग?’ असं विचारलं तर हळूहळू सगळं सांगतं. शिक्षा चुकीला धरून हवी: बाकावर पेनाने रेघोट्या मारल्या, तर ओलं फडकं घेऊन पुसायच्या. त्यासाठी मोबाईल कशाला काढून घ्यायचा? शाळेत शिक्षा झाली असेल तर घरी पुन्हा नको. बाईंनी मारलंच असेल, तर पालकांच्या ग्रुपवर गहजब न करता मुख्याध्यापकांना लेखी कळवा. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना मनाई आहे.