हिवाळ्यात घर बंद ठेवताना पाण्याच्या पाइपांबाबत या चुका टाळा

शिकागो, मिनियापोलिस किंवा टोरंटोकडची अनेक मराठी कुटुंबे डिसेंबरात घर बंद करून तीन-चार आठवड्यांसाठी भारतात येतात. त्या काळात खर्च वाचावा म्हणून हीटिंग पूर्ण बंद करणे ही सर्वांत महागात पडणारी चूक होय, कारण पाइपांतले पाणी गोठून पाइप फुटतात. थर्मोस्टॅट, म्हणजे घराचे तापमान ठरवणारे यंत्र, 55 अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे 13 अंश सेल्सिअसच्या, खाली नेऊ नये आणि बाहेरच्या भिंतीलगतच्या सिंकखालची कपाटे उघडी ठेवावीत, म्हणजे आतल्या पाइपांना घरातली ऊब मिळते. रिकाम्या घरात एकतर हीटिंग चालू असावे किंवा पाणी बंद करून पाइप रिकामे केलेले असावेत, अशी अट विमा पॉलिसीतही बहुधा असते. आमच्या मते दोन्ही करावे, कारण वीज गेली की थर्मोस्टॅटचा काही उपयोग उरत नाही. फेब्रुवारी 2021 मध्ये टेक्सासात, जिथे अनेक घरांचे पाइप माळ्यावरून गेलेले असतात, नेमके हेच घडले: वीज गेली, हीटिंग थांबले आणि पाइप फुटले.

मेन व्हॉल्व्ह, म्हणजे घरात येणारे सगळे पाणी बंद करणारी झडप, फिरवला की काम झाले, असेही समजू नये. त्यानंतर घरातला सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा नळ उघडून पाइपांतले पाणी वाहू द्यावे आणि फ्लशची टाकी रिकामी करावी. मात्र घरात आग विझवणारे स्प्रिंकलर किंवा बॉयलरवर चालणारे रेडिएटर असतील, तर आधी प्लंबरला विचारावे.

घरात राहणाऱ्यांची चूक वेगळी असते: पाइप फुटू नये म्हणून ते थंडीत कोणताही एक नळ बारीक धारेने चालू ठेवतात. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगते हे सर्वांना ठाऊक असते, पण पाइप अनेकदा बर्फाच्या जागी फुटतच नाही. बर्फ आणि बंद नळ यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्यावरचा दाब वाढत जातो आणि कमजोर जागी पाइप फाटतो. नळ बारीक धारेने चालू ठेवायचा तो हा दाब सुटावा म्हणून, आणि म्हणूनच तो गारठणाऱ्या पाइपावरचा असावा, हाताशी असलेला कोणताही नव्हे.

अंगणातल्या नळाला होज, म्हणजे झाडांना पाणी घालायचा लवचिक पाइप, तसाच लावून ठेवणे ही चूक तर भलेभले करतात. न गोठणारा म्हणून विकल्या जाणाऱ्या नळाची झडप भिंतीच्या आत, उबदार बाजूला असते आणि नळ बंद केल्यावर पुढच्या नळीतले पाणी बाहेर निथळून जाणे अपेक्षित असते. होज जोडलेला असला की ते आतच अडकते, गोठते आणि नळी भिंतीच्या आत चिरते. हे कळते ते थेट वसंतात, झाडांना पहिले पाणी घालताना, तळघराची भिंत ओली झाल्यावर.

पाइप गोठलाच, तर ब्लोटॉर्च किंवा कोणतीही उघडी ज्योत वापरू नये. मेन व्हॉल्व्ह कुठे आहे ते आधी पाहून ठेवावे, नळ उघडावा आणि हेअर ड्रायरने नळाच्या बाजूने सुरुवात करून गोठलेल्या भागाकडे सरकावे. चीर दिसली, तर बर्फ वितळण्यापूर्वीच मेन व्हॉल्व्ह बंद करावा.