स्वस्त परदेशी इलेक्ट्रिक गाडी घेण्यापूर्वी: गोव्यातील ग्राहकासाठी काही हिशेब

आखातात नोकरी करणारा गोव्याचा माणूस चतुर्थीला घरी आला की हल्ली एक प्रश्न हमखास विचारतो: तिकडे चिनी बनावटीची इलेक्ट्रिक गाडी एवढी स्वस्त मिळते, तर तीच इकडे का आणू नये? त्याचे उत्तर थोडक्यात देता येते. आखातातील गाड्यांचे स्टिअरिंग डाव्या बाजूला असते आणि भारतात उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेलीच गाडी आयात करता येते. वापरलेली गाडी तीन वर्षांहून जुनी असून चालत नाही, आणि या अटींत बसणाऱ्या गाडीवरही सीमाशुल्क इतके बसते की स्वस्ताई बंदरातच संपते. तेव्हा तो विचार सोडून द्यावा. मात्र चिनी मालकी असलेल्या कंपन्यांच्या, चिनी सुटे भाग आणून भारतात जोडलेल्या किंवा बॅटरीत चिनी सेल वापरलेल्या गाड्या आपल्या शोरूममध्ये उभ्या आहेतच, आणि त्यांतली एखादी घ्यावी की नाही हे ठरवताना किमतीबरोबर आणखी दोन गोष्टी तपासाव्या लागतात: या गाडीने धूर खरोखर किती कमी होईल, आणि तिच्या स्वस्ताईची किंमत दुसऱ्या कोणी मोजली आहे काय.

सुरुवात स्वतःच्या रोजच्या अंतरापासून करावी. पेडण्यापासून काणकोणपर्यंतचा सारा गोवा साधारण शंभर किलोमीटरमध्ये संपतो. डिचोलीहून पणजीला कामाला जाऊन परत येणाऱ्याचे रोजचे अंतर साठ-पासष्ट किलोमीटरच्या पुढे जात नाही. तरीही शोरूममध्ये पाचशे किलोमीटर पल्ल्याची गाडी पुढे केली जाते आणि वर्षातून एकदा चोर्ला घाट ओलांडायचा म्हणून आपण ती घेतो. हे टाळावे. बॅटरी बनवतानाच तिच्या प्रत्येक किलोवॅट-तास क्षमतेमागे सुमारे ६० ते १०० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे ३० किलोवॅट-तासाची बॅटरी १.८ ते ३ टनांचे कर्ज घेऊन दारात येते आणि ६० ची त्याच्या दुप्पट.

ते कर्ज किती दिवसांत फिटते, हे कागदावर मांडून पाहावे. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. लिटरला पंधरा किलोमीटर धावणारी गाडी त्यामुळे किलोमीटरमागे सुमारे १५० ग्रॅम सोडते. विजेच्या गाडीला चार्जिंगमधील घट धरून शंभर किलोमीटरला सोळा युनिट (एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास) लागतात असे समजू. देशाच्या वीजजाळ्यातील, म्हणजे ग्रिडमधील, एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो, म्हणजे किलोमीटरमागे सुमारे ११० ग्रॅम. बचत झाली चाळीस ग्रॅमांची. वर्षाला दहा हजार किलोमीटर चालवणाऱ्याला लहान बॅटरीचे कर्ज फेडायला साडेचार ते साडेसात वर्षे लागतात आणि मोठ्या बॅटरीचे फेडायला नऊ ते पंधरा. पेट्रोल शुद्ध करून आणण्यात आणि कोळसा खणून वाहण्यात होणारे उत्सर्जन मी या हिशेबात धरलेले नाही. त्याने आकडे थोडे हलतील, पण लहान बॅटरीची बाजू बदलणार नाही.

आपल्या घरी येणारी वीज कुठली, हेही गोवेकराने विसरू नये. राज्यात मोठे वीजकेंद्र नाही; बहुतेक वीज बाहेरून येते आणि तिचा मोठा भाग छत्तीसगड व मध्य प्रदेशातील कोळशावर चालणाऱ्या केंद्रांतून येतो. छत्तीसगडमधील तमनारच्या नावाने ओळखली जाणारी वाहिनी मोलेच्या जंगलातून नेण्याविरुद्ध २०२० साली गोव्यातील तरुण मुले रस्त्यावर उतरली होती; ती वाहिनी याच विजेसाठी. म्हणून माझा आग्रह असा की गाडीचा आणि छतावरील सौर पॅनेलचा निर्णय एकाच बैठकीत घ्यावा. दहा हजार किलोमीटरला वर्षाला सुमारे सोळाशे युनिट लागतात. एक किलोवॅटचे पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिट देते, मात्र जून ते सप्टेंबर बरेच कमी. घरच्या गरजेपेक्षा एक-दीड किलोवॅट जास्त बसवले की गाडीची सोय होते. पीएम सूर्य घर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० रुपये असे एकूण ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते. सौर विजेवर गाडी चालली तर वरचे कर्ज लहान बॅटरीच्या बाबतीत सव्वा ते दोन वर्षांतच फिटते. फक्त गाडी रात्री चार्जिंगला लावण्यापेक्षा सुट्टीच्या दिवशी ऊन असताना लावावी, कारण रात्रीची वीज बहुतेक कोळशाचीच असते, छतावरून ग्रिडला दिलेली वीज वजा करणाऱ्या नेट मीटरचे बिल काहीही सांगो.

आता स्वस्ताईकडे वळू. अमेरिकेने २०२४ मध्ये चिनी इलेक्ट्रिक गाड्यांवरील शुल्क २५ टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर नेले. युरोपीय संघाने वेगळी वाट धरली: चौकशी करून, कोणत्या कंपनीला चीनच्या सरकारकडून किती मदत पोचली याचा अंदाज बांधून, ऑक्टोबर २०२४ अखेर नेहमीच्या १० टक्क्यांवर चिनी कंपन्यांपैकी बीवायडीला १७, जीलीला १८.८ आणि एसएआयसीला ३५.३ टक्के असे जादा शुल्क लावले. मला युरोपची पद्धत अधिक न्याय्य वाटते, कारण तिथे कारखानदाराला आपली बाजू मांडता येते आणि ग्राहकाला शुल्काचे कारण कळते. भारताने तर पूर्ण बांधणीच्या गाडीवर पूर्वीपासूनच ७० टक्के आणि त्याहून अधिक शुल्काची भिंत उभारली आहे. मार्च २०२४ च्या योजनेत ते १५ टक्क्यांवर आणले, पण किमान ३५,००० डॉलर किमतीच्या गाडीसाठी आणि ४,१५० कोटी रुपयांची गुंतवणूक करणाऱ्या कंपनीसाठी. सामान्य ग्राहकाच्या खिशाला त्याचा उपयोग नाही.

पण सरकारी अनुदानाने आलेली स्वस्ताई आणि मजुराच्या पिळवणुकीतून आलेली स्वस्ताई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ग्राहकाने त्या वेगळ्या ठेवाव्यात. चीनने आपल्या करदात्याचा पैसा घालून बॅटरी स्वस्त केली असेल, तर हवामानाच्या दृष्टीने तिचा काही लाभ साऱ्या जगाला झाला आहे. कदंब परिवहन महामंडळाच्या काही इलेक्ट्रिक बसगाड्या बनवणाऱ्या ऑलेक्ट्राचे तंत्रज्ञानही बीवायडीच्या सहकार्यातून आले. मजुराचे तसे नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ब्राझीलच्या अधिकाऱ्यांना बीवायडीच्या कारखान्याच्या बांधकामावर ठेकेदाराने गुलामासारखे ठेवलेले १६३ चिनी कामगार सापडले. बॅटरीत लागणाऱ्या कोबाल्टच्या काँगोतील खाणींत मुले राबतात हे जगाला ठाऊक आहे. अॅम्नेस्टी इंटरनॅशनलने त्याच वर्षी तेरा वाहन कंपन्यांची मानवी हक्कांच्या निकषावर तपासणी केली, तेव्हा ९० पैकी सर्वाधिक ५१ गुण मर्सिडीझला आणि सर्वांत कमी ११ बीवायडीला मिळाले. पहिला नंबरही जेमतेम निम्म्यापुढे गेला, हे ध्यानात घ्यावे. डिचोली, सत्तरी आणि सांगे तालुक्यांनी आपले लोहखनिज वर्षानुवर्षे चीनला पाठवताना लाल झालेले ओहोळ आणि आटलेल्या विहिरी पाहिल्या आहेत. दुसऱ्याच्या स्वस्त मालासाठी आपली जमीन खणली जाणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

त्यामुळे शोरूममध्ये काही प्रश्न विचारावेत आणि उत्तरे लेखी मागावीत. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची आहे की निकेल-मँगनीज-कोबाल्टची? पहिलीत कोबाल्ट आणि निकेल दोन्ही नसतात, ती अधिक टिकते आणि आपल्या उकाड्यातही सुरक्षित असते, म्हणून तिलाच पसंती द्यावी. सेल कोणी आणि कोणत्या देशात बनवले? गाडीचा ओळख क्रमांक समोरच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात किंवा चासीवर कोरलेला असतो. त्याचे पहिले अक्षर ‘एल’ असेल तर गाडी चीनमध्ये तयार झाली. भारतात जोडलेली असेल तर तेवढा रोजगार इथे राहिला, पण सेल बाहेरचेच असू शकतात. मी विचारले तेव्हा विक्रेत्याने आधी “सगळे कंपनीचेच” एवढेच सांगितले आणि लेखी उत्तर यायला तीन आठवडे लागले. ते तीन आठवडे आगाऊ रक्कम न भरता थांबल्यामुळेच उत्तर आले, असे मला वाटते.

सुट्या भागांची चौकशीही तितक्याच काटेकोरपणे करावी. चीनने एप्रिल २०२५ मध्ये मोटरमध्ये लागणाऱ्या दुर्मीळ मृदा धातूंच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले आणि भारतातील वाहन कारखान्यांची धावपळ झाली. मोटर किंवा तिची वीज नियंत्रित करणारा कंट्रोलर बिघडल्यास भाग किती दिवसांत मिळेल, काम गोव्यातच होईल की गाडी घाट चढवून न्यावी लागेल, हे कागदावर असावे.

घरची तयारी लहान वाटते, पण तीच अनेकदा आडवी येते. आमच्या डिचोलीच्या चिऱ्याच्या घरात चार्जर भिंतीवर बसवला त्या रात्री हिरवा दिवा न लागता लाल दिवाच लुकलुकत राहिला. चार्जर चांगला होता. मीटरबोर्डाची अर्थिंगची तार परसात ज्या खड्ड्यात उतरली होती, तिथली जांभ्याची माती एप्रिलच्या उन्हात कोरडीठाक पडली होती. नवा खड्डा खणून तांब्याची पट्टी घातली तेव्हा काम झाले. म्हणून अर्थिंगची तपासणी कडक उन्हाळ्यात करून घ्यावी, पावसाळ्यात ओल्या मातीत ती चांगलीच दिसते. मंजूर भार कमी असल्यास वीज खात्याकडे वाढवून घेण्याचा अर्ज गाडी येण्यापूर्वी द्यावा.

शेवटी जुन्या बॅटरीचा विषय करारातच मिटवावा. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरून संपलेली बॅटरी परत घेऊन तिचा पुनर्वापर करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, आणि आयातदारही त्यात येतो. हमी संपल्यावर ती गोव्यात कोण उचलून नेणार, त्यासाठी ग्राहकाला काही द्यावे लागणार की मिळणार, हे एका ओळीत लिहून त्याखाली विक्रेत्याची सही व शिक्का घ्यावा आणि तो कागद नोंदणीच्या पुस्तिकेसोबत जपून ठेवावा.